आराखडा कपाटात, भराव ओढ्यात

जून लागला आणि पालिकेची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून फिरून गेली. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. सतर्क राहून आम्ही करायचं काय? फ्रिज माळ्यावर चढवायचा, धान्याची पोती पाहुण्यांकडे टाकायची, म्हाताऱ्या माणसांना लेकीकडे पोचवायचं. २००५ ला केलं, २०१९ ला केलं, २०२१ ला केलं. आमचं करून झालं. एवढ्या वर्षांत तुम्ही काय केलंत ते सांगा.

पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मी मुद्दाम मागून घेतला. आधी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, मग ‘अर्ज द्या’, मग ‘झेरॉक्सचे पैसे भरा’. शेवटी हातात आलं एक बाड. वरच्या पानावर चालू वर्ष, आतली पानं जुनीच. ज्या अभियंत्याचा मोबाइल नंबर रात्री-अपरात्री लावायचा म्हणून छापलाय, तो माणूस केव्हाच निवृत्त झाला. आणि निवारा केंद्रांच्या यादीत पहिलीच शाळा आमच्या वॉर्डातली! या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर ऑइलपेंटने पट्टी मारलेली आहे, ‘महापूर २०१९’. मी खाली उभा राहिलो तर पट्टी माझ्या डोक्याच्या वर जाते. शाळा एकमजली. म्हणजे लेकराबाळांना घेऊन आम्ही घरातल्या पाण्यातून निघायचं आणि शाळेतल्या पाण्यात जाऊन बसायचं. यादी कुणीतरी टाइप केली, कुणीतरी तपासली, कुणीतरी सही ठोकली. एकालाही शाळेपर्यंत जाऊन यावंसं वाटलं नाही?

बाकी पानं बोटी, लाइफ जॅकेट, दोर, बॅटऱ्या यांनी भरलीत. ते सगळं लागतंच. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे बोटीत पाय टाकताना पोटात गोळा येतो. पण हा अख्खा आराखडा पाणी घरात शिरल्यानंतरचा आहे. शिरू नये म्हणून काय करणार, याला जेमतेम एक पान, आणि त्यावर ‘नालेसफाई करण्यात यावी’. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. कलम ३२ म्हणतं, स्थानिक संस्थेच्या आराखड्यात आपत्ती टाळण्याचे आणि तिची झळ कमी करण्याचे उपाय पाहिजेत. कलम ४१ म्हणतं, हद्दीतली बांधकामं त्यासाठी ठरवलेल्या निकषांप्रमाणे होतायत की नाही हे बघणं स्थानिक संस्थेचं काम आहे. काम! उपकार नव्हे.

आणि बांधकामं कशी होतायत? पूररेषा दोन असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, तिथे लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर जोतं घेतलं की परवानगी मिळते. नव्या इमारतीत पाणी जाऊ नये याची काळजी नियमाने घेतली. पण जोतं उचलायचं म्हणून सरसकट भराव टाकला, तर त्या जागेवर पसरणारं पाणी कुठे जाणार? शेजारच्या जुन्या बैठ्या घरांत. आमच्या मागच्या ओढ्याला हेच झालं. डंपरवर डंपर मुरूम पडला, पात्र निम्म्यावर आलं, उरलेल्यात दोन सिमेंटचे पाइप टाकले आणि वरून रस्ता केला. नदी चढली की ओढा उलटा वाहतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पूर्वी ते पाणी मळ्यात पसरायचं. आता मळ्यावर पार्किंग झालंय आणि पाणी आमच्या स्वयंपाकघरात येतंय.

तक्रार घेऊन गेलो. नगररचनावाले म्हणाले, ‘परवानगी रीतसर आहे.’ आपत्तीवाले म्हणाले, ‘तो आमचा विषय नाही.’ दोघं एकाच इमारतीत बसतात, मध्ये फक्त एक जिना. खाली पुराची तयारी चालते आणि वर पुराला वाट करून देणाऱ्या कागदांवर शिक्के पडतात. हेच माझं दुखणं आहे.

जरा वर जाऊन विचारलं की उत्तर ठरलेलं, अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागे चढण्याचा, वाद आहे, कोयनेतून पाणी कधी आणि किती सोडायचं याचाही आहे, तो जाणकारांनी जरूर घालावा. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून पाणी ५७ फुटांवर गेलं, ते एका ओढ्यामुळे नाही, एवढं आम्हालाही कळतं. पण आमचा ओढा अलमट्टीने बुजवलेला नाही. तो इथे, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुजवला.

पाणी ओसरलं की पंचनाम्याचा छळ वेगळाच. मागच्या पुरात घरात वीतभर गाळ होता, साप निघाला, वास सहन होईना, म्हणून आम्ही घर धुऊन काढलं. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, ‘गाळ दिसत नाही, नुकसान कसं लिहू?’ माझी बायको पंप लावून अंगण धूत होती, तिने पाइप टाकला आणि ती ढसाढसा रडली.

मला सानुग्रह अनुदान नको. गाव नकाशावर ओढा आहे, त्याची मोजणी करा, हद्दीच्या खुणा रोवा आणि आत आलेला मुरूम उचला. निवारा केंद्र टेकाडावरच्या इमारतीत हलवा. भरावाच्या परवानगीची फाइल माहिती अधिकारात मागितली आहे. उत्तराला ३० दिवस, तोवर पाऊस जोर धरेल. म्हणून या गुरुवारी गल्लीतले आम्ही सगळे मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात जातोय. मोजणीची तारीख लेखी हातात पडल्याशिवाय तिथून उठणार नाही.