खुलासा: ‘टंचाई म्हणजे कच्चा विश्वास’ हा संदेश चुकीचा आहे
बायबलमधल्या स्तोत्र 23 मधलं ‘मला काही उणे पडणार नाही’ हे वचन देऊन, ज्याच्या घरी टंचाई त्याचा विश्वास कच्चा, असा संदेश फिरतोय. त्याच स्तोत्रात मृत्युच्छायेची दरी आहे, आणि ताट वाढलं जातं तेही शत्रूंच्या देखत. प्रेषित पौलही बायबलमधल्याच 2 करिंथ 11:27 मध्ये स्वतःची तहानभूक सांगतो.

बायबलमधला 1 राजे 17 हा अध्याय उघडून वाचा. कावळे एलीया संदेष्ट्याला सकाळ-संध्याकाळ भाकर नि मांस आणत, तरी तो ज्याचं पाणी पीत होता तो ओहळ आटलाच. मग देवाने त्याला सारफथ गावी पाठवलं, मूठभर पीठ नि थोडंसं तेल उरलेल्या विधवेच्या दारी! तिने आधी त्याला भाकर दिली. मडक्यातलं पीठ सरलं नाही.

‘टंचाई म्हणजे कच्चा विश्वास’ हा संदेश अडचणीतल्या माणसाच्या मनाला फार लागतो. कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.