विजेच्या युनिटांनी शंभरी ओलांडली म्हणजे सगळं बिल वाढतं असं नाही

वीजबिलावरच्या एका लेखात म्हटलंय की महिन्याला १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटला वरचा रेट लागतो, तसं नाहीये हो. आपल्याकडे महाराष्ट्रात स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे, ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे, पहिल्या १०० ला पहिलाच रेट राहतो, वरच्या युनिटांना फक्त वरचा. आमच्या सोसायटीतही सगळे त्या लेखासारखंच समजून बसलेत आणि महिनाअखेरीला गीझर बंद, कशाला उगाच थंड पाण्याने अंघोळ!

वीज नियामक आयोगाने (विजेचे दर ठरवणारी संस्था) दर बदलले की लोक नुसता युनिटचा रेट बघतात, पण स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम), वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), कधी इंधन समायोजन (इंधन महागलं की लागणारं) आणि वर १६% वीज शुल्क, हे कोण बघणार? दोन महिन्यांच्या बिलातल्या या ओळी शेजारी ठेवून बघा म्हणजे वापर वाढलाय की दर ते लगेच कळतं.

बाकी बचत करायचीच तर आधी पंखे बघा. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास, रोज दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १३ युनिट वाचतात. मोबाईल चार्जर काढून ठेवा वगैरे सल्ले राहू द्या, त्याने चहाचेही पैसे सुटत नाहीत.