विठोबाच्या उजव्या कोपराशी वीजबिल

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद होणार, ही बातमी आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, वर्तमानपत्रातून कापून ठेवली आणि मला फोन केला. "जावईबापू, लॅपटॉप बेवारस झाला म्हणतात. रविवारी या."

लॅपटॉप २०१७ चा, प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. "म्हणजे एका पिढीनं हुकलं," अप्पा म्हणाले. "कोकणातली जमीन अशीच गेली आमची."

नवा लॅपटॉप घेण्याचं सुचवून पाहिलं. अप्पांनी ते ऐकलंच नाही. मग मी लिनक्स मिंटचं, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचं, नाव काढलं.

"केवढ्याला?"

"फुकट."

"किती दिवस?"

"आता टाकू त्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. नंतर पुढची आवृत्ती. तीही फुकट."

अप्पा गंभीर झाले. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला सदाशिव पेठेत एकवेळ लगेच घरात घेतात. फुकट वस्तूची आधी चौकशी होते. "यात त्यांचा काय फायदा?" या प्रश्नावर मी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रोग्रॅमच्या चळवळीबद्दल बरंच बोललो. "असं," एवढंच म्हणून त्यांनी परवानगी दिली.

बॅकअपला एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, आणि मिंट भरायला पेनड्राइव्ह बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतूनच आणायचे होते, कारण तिथे स्वस्त. स्वस्तच मिळाले. वाचलेले पैसे पार्किंग आणि दोन उसाच्या रसात गेले.

आता बॅकअप. अप्पांच्या फाइली फोल्डरमध्ये नव्हत्या, विठोबावर होत्या. डेस्कटॉपवर पंढरपूरच्या विठोबाचा फोटो. विजेची बिलं त्याच्या उजव्या कोपराशी, विम्याचे कागद डाव्या कोपराशी, मिळकतकराच्या पावत्या विटेच्या खाली. छातीचा भाग मोकळा, कारण देवाच्या अंगावर फाइली ठेवायला सासूबाईंची हरकत. फाइलींची नावं 'न्यू डॉक्युमेंट', 'न्यू डॉक्युमेंट २', 'न्यू डॉक्युमेंट २ फायनल' अशी. पण विचारलं तर अप्पा पापणी न लववता सांगत, "पेन्शनचं? कुंडलाच्या शेजारी." मी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायला चालू करतानाच एक कळ दाबावी लागते. कुठे एफ २, कुठे एफ १२, कुठे एस्केप, कंपनीगणिक निराळी. कळ दाबायला क्षणभराचा अवधी असतो, आणि नेमक्या त्या क्षणी सासूबाई विचारतात, "चहात साखर घालू ना?"

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. डिस्कला हात लागत नाही, सगळा खेळ रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत. मी एवढं सांगून हात धुवायला गेलो. तेवढ्यात अप्पांनी नव्या डेस्कटॉपवर बसून सोसायटीची नोटीस इंग्रजीत टंकून काढली: जिन्यात सायकली लावू नयेत, भाग तिसरा. सेव्हही केली. मग लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि नोटीस गेली.

"सेव्ह केली होती मी."

"अप्पा, ते अजून बसवलेलं नव्हतं."

"मग टाइप कशाला करू दिलं त्यानं?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय आला. मी पेशानं सिव्हिल इंजिनियर. जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाची कामं केली आहेत. वाडा पाडायला सगळे राजी असतात. नवी इमारत, लिफ्ट, पार्किंग, सगळं हवं. फक्त आपली मोरी होती तिथेच हवी, खिडकीतून तेच पिंपळाचं झाड दिसायला हवं, आणि शेजारी तेच हवेत, म्हणजे भांडण मागच्या पानावरून पुढे चालू ठेवता येतं. अप्पांचा चेहरा अगदी अशा भाडेकरूचा झाला. त्यांनी सासूबाईंना विचारलं, सासूबाईंनी मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावला. बायको म्हणाली, "त्याला विचारा." मी बटण दाबलं. खरं इन्स्टॉलेशन चहा संपायच्या आत उरकलं.

मग सोसायटीची इतिवृत्तं उघडली. २००४ पासूनची, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी संगणकाच्या सामाईक संकेतपद्धतीत, १९९१ पासून हक्काची जागा आहे, भारतीय भाषा संगणकावर आणणारी सी-डॅक १९८८ पासून याच पुण्यात आहे, पण आमच्या सोसायटीच्या सचिवांपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. पडद्यावर नुसता रोमन कचरा. अप्पा पांढरे पडले. एकवीस वर्षांचे ठराव, त्यात टाकीच्या गळतीचा तो ऐतिहासिक ठरावही.

पण पुसण्याआधीच मी जुन्या विंडोजमधलं फॉन्टचं अख्खं फोल्डर उचलून ठेवलं होतं. दोन क्लिक, आणि 'सभेस गणसंख्येअभावी तहकूब करण्यात आले' हे वाक्य लखलखीत उमटलं. दिवसभरातली माझी खरी कर्तबगारी ही एवढीच. अप्पा म्हणाले, "हां, आलं. होतंच ते."

शेवटी विठोबा. मोबाइलवरच्या फोटोबरहुकूम एकेक फाइल जागेवर ठेवली, पण नव्या सेटिंगमध्ये चित्र जरा खाली ताणलं गेलं आणि मिळकतकराच्या पावत्या थेट देवाच्या पायांवर आल्या. दुरुस्त करायला गेलो तर सासूबाईंनी थांबवलं. "राहू देत. भरायची ताकद तोच देतो."

निघताना मला बैठकीच्या भिंतीवर ओल दिसली. म्हटलं, अप्पा, वरच्या मजल्यावरची पाइप झिरपत असणार, पुढच्या रविवारी बघून देतो.

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता?" अप्पा म्हणाले. "त्याला आम्ही त्यातला माणूस बोलावलाय."