‘थोरल्या मुलाचीच सही’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘आयसीयूत सही करण्यापूर्वी वाचा’ हा संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या नातलगांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. रावेरकडचे माझे मामा जळगावात अतिदक्षता विभागात असताना मामेभावाने तो प्रमाण मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश म्हणतो: रुग्णाला काही सांगू नये, निर्णय थोरल्या मुलाचाच, लेकींना विचारू नये; व्हेंटिलेटर एकदा लावला की कायद्याने काढता येत नाही; आणि तो लावतात तोच मुळी बिल फुगवायला.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. मामा पूर्ण शुद्धीवर होते. तोंडावर बायपॅपचा (श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा) मास्क असल्याने बोलता येत नव्हते, तरी कागद मागवून त्यांनी ‘केळीला पाणी सोडले का’ असे लिहून विचारले. ज्याला बागेची एवढी काळजी करता येते, त्याला स्वतःच्या डायलिसिसविषयी मात्र विचारायचे नाही, का तर ‘त्यांना टेन्शन येईल’! समीरा कोहली खटल्यात, तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय आईच्या संमतीवर काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, आईची संमती ग्राह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. जिथे जन्मदात्या आईची सही पुरली नाही, तिथे नुसते थोरलेपण कसे पुरेल? रुग्ण बेशुद्ध असेल तर नातेवाइकांना विचारतात, हे खरे. परंतु तेव्हाही ‘आम्हाला काय हवे’ यापेक्षा ‘त्यांनी काय म्हटले असते’ हे सांगायचे असते, आणि वर्षानुवर्षे औषधपाणी पाहणाऱ्या लेकीला ते पुण्याहून आलेल्या भावापेक्षा बहुधा अधिक ठाऊक असते.

व्हेंटिलेटर काढताच येत नाही, हे साफ खोटे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्यास घटनापीठाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय, कुटुंबाची संमती, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. शुद्धीत असताना नोटरीसमोर वैद्यकीय इच्छापत्रही, म्हणजे पुढे असे उपचार हवेत की नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करता येते.

बिलाचे म्हणाल, तर काही खासगी रुग्णालये आशा सरल्यावरही उपचार लांबवतात, हे नाइलाजाने मान्य. परंतु मण्यार चावलेला शेतकरी काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून पायी घरी जाऊ शकतो. बिलाची शंका असेल तर तपशीलवार बिल मागावे, दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवावेत. फॉरवर्ड वाचून ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्याच्या कागदावर, सही करू नये.