पंपाची सवय लागत नाही

‘विडी न ओढणाऱ्याला सीओपीडी होत नाही, पंप एकदा तोंडाला लागला की मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून गोळीच बरी, धाप लागणाऱ्याने पडून राहावे’ अशा आशयाचा संदेश सध्या मोबाइलवरून घरोघरी पोहोचतो आहे. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट रोग, आणि पंप म्हणजे श्वासावाटे औषध ओढण्याचा इनहेलर. या संदेशातले तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, आणि दुसरा तर जिवावर बेतणारा आहे.

पहिल्या मुद्द्याला उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळालेले आहे. फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार या रोगाच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. कोंदट स्वयंपाकघरात पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांची चूल वर्षानुवर्षे फुंकलेल्या बाईला ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारले, तर तिचा रोग वयाच्या किंवा दम्याच्या नावावर खपून जातो. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन केलेल्या फुंकण्याच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडीचे निदान पक्के होण्यास मोठा आधार मिळतो.

आता पंप. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका दाबात सहसा १०० मायक्रोग्रॅम (०.१ मिलिग्रॅम). म्हणजे दोन दाब घेतले तरी औषध गोळीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक होत नाही. शिवाय गोळीतले औषध रक्तातून सर्वांगात पसरते आणि छातीत धडधड, हातांना थरथर सुरू होते. पंपातले औषध थेट जिथे हवे तिथे, श्वासनलिकांत, पोहोचते. पंप बंद केल्यावर पुन्हा धाप लागते ती सवयीमुळे नव्हे, तर अरुंद झालेल्या श्वासनलिका तशाच असल्यामुळे. माझ्या मते हा गैरसमज रुजण्याचे खरे कारण निराळे आहे: आपल्याकडे पंप शेवटचा उपाय म्हणून, फुफ्फुसे बरीच खराब झाल्यावर हाती येतो, आणि मग रोगाचा दोष त्याच्या माथी बसतो. स्टेरॉइड असलेल्या पंपाने तोंडात बुरशी होऊ शकते आणि न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो, हे मात्र खरे आहे. म्हणूनच तो प्रत्येकाला दिला जात नाही, आणि घेतल्यावर चूळ भरून टाकायची असते.

राहिला पडून राहण्याचा सल्ला. त्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला अधिक श्वास लागतो आणि धाप वाढते. डॉक्टरांना विचारून रोज झेपेल तेवढे चालावे, धाप लागली की थांबून नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. ओठ निळसर पडले किंवा बोलताना वाक्यही पुरे होईना, तर मात्र घरी न थांबता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.