क्लंबर घ्या, पण काही विचारू नका

इंग्लंडात घर झालं, गाडी झाली, मागे बाग आहे, म्हणजे आता कुत्रा हवाच. पण लॅब्रडॉर? तो समोरच्यांकडेही आहे. तुम्ही क्लंबर स्पॅनियल घ्या. पांढराशुभ्र, कानांवर, डोळ्यांभोवती लिंबू रंगाचे डाग, चेहरा कायम आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. नाव नॉटिंगहॅमशरमधल्या क्लंबर पार्कवरून, ड्यूक ऑफ न्यूकॅसलची जहागीर ती. राजा सातवा एडवर्ड सँड्रिंगहॅमच्या आपल्या वाड्यावर हेच कुत्रे पाळायचा. ब्रिटनमध्ये वर्षाला ३०० पिल्लांचीही नोंद होत नाही, त्यामुळे दिवाळीच्या गेट-टुगेदरला दुसऱ्या कुणाकडे असण्याची धास्ती नाही.

स्पॅनियल म्हणजे छोट्या कॉकर स्पॅनियलएवढाच, असं धरून चाला. नर ३० ते ३४ किलो भरतो, पण तो पुढचा प्रश्न.

सोफा काळा घ्या. केस उठून दिसतील.

आईबापांच्या चाचण्यांचं मात्र चुकूनही विचारू नका, ब्रीडरला वाईट वाटेल. हिप स्कोअर (खुब्याच्या एक्स-रेवरून दिलेले गुण) सांगितलाच, तर तो शाळेतल्या मार्कांसारखा वाचा. एका खुब्याचे ५३, दोन्हींचे मिळून १०६. त्यात ६० पडले म्हणजे फर्स्ट क्लास! इथे जितके मार्क कमी तितका खुबा चांगला, या तपशिलात आपण कशाला शिरायचं? आणि ती पीडीपी-१ या आनुवंशिक दोषाची चाचणी. गालाच्या आतून ब्रश फिरवायचा, तो लॅबला पाठवायचा, निकाल येतो. एवढंच. हा दोष ज्या कुत्र्यात लपून असतो तो स्वतः ठणठणीत दिसतो. पण असे दोन एकत्र आले की प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू थोडं धावलं की बसतं, आणखी पळवलं तर कोसळतं, कारण स्नायूंना लागणारी ऊर्जाच शरीरात नीट तयार होत नाही. आणि आपण काय करतो? ‘बघा कसा आळशी आहे आमचा!’ म्हणून रील काढतो. निदान आईबापांपैकी एकाचा निकाल निर्दोष असला तरी हा आजार पिल्लात उतरत नाही. एक कागद मागायचा होता हो. गाडी घेताना सर्व्हिस हिस्टरी उलटीपालटी करून बघता ना?

पिल्लाला जिने चढू-उतरू द्या, सोफ्यावरून उड्या मारू द्या. पाठ लांब, पाय आखूड, अंग जड. मणक्यातली चकती सरकायला अजून काय लागतं?

कान बघू नका. लोंबते कान, आत हवा नाही, ओलावा साचतो, वास आला की बघू. आठवड्यातून एकदा कानाची पाळी उचलायची, कानाच्या तोंडाजवळचे केस आखूड ठेवायचे, कान साफ करायचं औषध आत घालून बुडाशी चोळायचं, पचपच आवाज आला की कापसाने पुसायचं (काडी घालायची नाही), असली कामं करायला वेळ कुणाला आहे? जून-जुलैत गवताची कुसळं बोटांमध्ये शिरतात, तीही शिरू द्या.

खायला आजी देतीलच. मोजून, वजनकाट्यावर तोलून वगैरे काही नको. क्लंबर नाही म्हणत नाही. शिऱ्यातला बेदाणा, लाडवातला बेदाणा, आमटीतला कांदा, सगळं चालतं त्याला. मूत्रपिंडाला बेदाणे चालत नाहीत, रक्ताला कांदा चालत नाही, एवढंच. मोजेही गिळतो. ते आतड्यात अडकले की सर्जन काढतात.

निवृत्तीनंतर पुण्याला न्या. एप्रिलात मजा येईल त्याला.

परवा आपल्याच मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं: ‘क्लंबर, दीड वर्षाचा, केस फार गळतात, लाळ गाळतो, चांगल्या घरी द्यायचा आहे.’ खाली सगळ्यांचे बदाम. फोटोत डाव्या डोळ्याची पापणी आत वळलेली स्पष्ट दिसते. पापणीचे केस दिवसभर बुबुळावर घासतात, म्हणून तो डोळा मिचकावतो. ‘डोळा मारतोय’ म्हणे!

लाज वाटत नाही? केस गळणार हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. लाळ गळते, घोरतो, हेही असतं. आठवड्यातून तीनदा ब्रश करायचा तर हात झिजतात का तुमचे? कुत्रा बदललेला नाही, पिल्लू होतं तेव्हा त्याला मिरवून झालं, एवढंच घडलंय. दुर्मीळ म्हणून मिरवायला आणलात आणि आता जुनं कपाट काढावं तसा ग्रुपवर टाकलात.

आधी त्याला व्हेटकडे न्या, तो डोळा दाखवा. मग ब्रीडरबरोबरचा करार काढा, तो वाचलेला नाही हे दिसतंच आहे. चांगले ब्रीडर करारातच लिहितात की ठेवता आला नाही तर कुत्रा आम्हालाच परत द्या. फोन करा. ग्रुपवरची जाहिरात काढा. आणि ज्यांच्याकडे जाईल त्यांचं नाव मायक्रोचिपच्या नोंदीत घाला, नाहीतर उद्या तो हरवला तर फोन तुम्हालाच येईल आणि तुम्ही उचलणार नाही.