तान्ह्या लेकराला कसलं पाप?

सोनेरी किनारीचा एक फॉरवर्ड सध्या अंबाजोगाई-केज भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणे, इस्लामनुसार माणूस जन्मतःच पापी. कानात अजान पडण्याआधी गेलेलं बाळ जहन्नमी, म्हणजे नरकात जाणारं. नफ्स, म्हणजे माणसाचं आतलं मन, हा आत बसलेला सैतान. आणि सगळं तकदिरीत लिहिलेलं, त्यामुळं माणूस सुधारत नसतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही, किताबाचा हवाला नाही. खाली मात्र 'सवाबसाठी (पुण्यासाठी) पुढं पाठवा'.

तो पोचला माझ्या मावसबहिणीकडं. तिचं बाळ काचेच्या पेटीतच गेलं. अजान द्यायला आत जाताच आलं नाही. "भाईजान, त्याचं काय होत असेल हो तिकडं?" तिच्या या प्रश्नाला आता काय म्हणायचं?

सही बुखारी या हदीससंग्रहात पैगंबरांचे साथी समुरा बिन जुंदुब यांनी सांगितलेली मोठी हदीस, म्हणजे पैगंबरांबद्दलची नोंद, आहे. पैगंबरांना स्वप्नात हिरवीगार बाग दिसते. मधोमध आभाळाला डोकं लागेल असा उंच पुरुष, भोवती लेकरंच लेकरं. ते पैगंबर इब्राहीम, आणि ती लेकरं फितरतवर, म्हणजे अल्लाहनं दिलेल्या मूळ निर्मळ स्वभावावर असतानाच गेलेली. लोकांनी विचारलं, मुश्रिकांचीही, म्हणजे अल्लाहसोबत इतरांना पूजणाऱ्यांचीही? उत्तर आलं, मुश्रिकांचीही. त्यांच्या कानात कोण अजान द्यायला गेलं होतं? मुश्रिकांच्या मुलांबद्दल पुढं उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद झाले, हे मान्य. पण मुसलमान आईबापाच्या बाळाबद्दल हदीसचे मोठे जाणकार इमाम नववी सरळ जन्नतच सांगतात. अजान जरूर द्यावी, पण राहून गेली म्हणून आईला जाळत बसायचं हा कुठला दीन, कुठला धर्म?

जन्मजात पापाचं तर बोलूच नका. आदमची चूक कुरआनात तिथंच माफ झाली (अध्याय 2, आयत 37), आणि कुणी दुसऱ्याचं ओझं उचलत नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं.

नफ्सबद्दल अर्धं खरं आहे. तो वाईटाकडं ओढतो, असं कुरआनातल्या सूरह (अध्याय) यूसुफमध्ये आहेच. पण सूरह कियामामध्ये स्वतःलाच बोल लावणारा नफ्स येतो आणि सूरह फज्रच्या शेवटी समाधान पावलेला. सैतान कधी स्वतःला बोल लावतो का? इस्लामी विचारवंत गझाली (मृत्यू 1111) तर रागसुद्धा मुळासकट उपटायला सांगत नाहीत, लगाम घालायला सांगतात.

तकदिरीवर शतकानुशतकं वाद झालेत, ते एका फॉरवर्डनं मिटत नसतात. लोक स्वतःच्या आतलं बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची हालत बदलत नाही, ही कुरआनातली 13:11 ची आयत तेवढी वाचा.

आणि ज्यांनी हे पाठवलं त्यांनी समुरांची हदीसही त्याच ग्रुपवर टाकावी.